कामाचे कपडे कोणी धुतले?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण पोटगी, घरावरचा हक्क, मारहाण या विषयांवर बोलत आहोत. आता मी ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कॅन्सरबद्दल आणि त्यातल्या कायदेशीर मार्गांबद्दल बोलणार आहे. हा युनियनचा विषय आहे, आपल्या शिबिरात कशाला, असं काहीजणींच्या मनात आलं असेल. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत या विषयाचा एक तासही आम्हाला नव्हता. मला तो शिकवला आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईंनी. त्यांचं नाव सांगत नाही, आपण त्यांना मावशी म्हणू.

मावशी आल्या होत्या घराच्या भांडणासाठी. मुलगा म्हणत होता, खोली माझ्या नावावर कर. मी नेहमीप्रमाणे फॉर्म भरला. नाव, वय, पत्ता. व्यवसाय या रकान्यात, त्यांना न विचारताच, 'गृहिणी' असं लिहिलं. त्या दोन वाक्यं बोलून थांबत होत्या, दम खात होत्या. मला वाटलं, जिना चढून आल्यात.

चार महिन्यांनी त्या सरकारी रुग्णालयात दाखल झाल्या. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. दोनदा काढलं, पुन्हा भरलं. मग तुकडा काढून तपासला आणि निदान झालं मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "आजी, तुम्ही कधी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होतात का?" मावशी म्हणाल्या, "नाही बाबा, मी घरीच." डॉक्टरनं तेच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसले असताना त्या आपणहून सांगायला लागल्या. नवरा सव्वीस वर्षं मुंबईच्या उपनगरातल्या एका ब्रेक-लायनिंगच्या कारखान्यात होता. "घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. पोरगी धावत जाऊन पायाला मिठी मारायची. मी कपडे आधी गॅलरीत झटकायची, मग मोरीत बसून धुवायची. धुतले नाहीत तर दुसऱ्या दिवशी घालणार काय? कंपनी दोनच जोड द्यायची." नवरा त्याआधी सहा वर्षांपूर्वी वारला होता. कागदावर टीबी.

आज मला सांगायचंय ते या मोरीतूनच सुरू होतं. ते कपडे कंपनीचे होते, धूळ कंपनीची होती, आणि ती धुण्याचं काम कंपनीचंच होतं. ते मावशींनी सव्वीस वर्षं फुकट केलं. आणि कायद्यानं त्यांना विचारलं, "तुम्ही तिथे कामाला होतात का?"

आजार काय आहे

ॲस्बेस्टॉस हा दगडातून निघणारा तंतू. तो जळत नाही, कुजत नाही, स्वस्त असतो. म्हणून तो सिमेंटच्या पत्र्यांत, पाइपांत, ब्रेकच्या लायनिंगमध्ये, बॉयलरच्या वेष्टनात, जहाजांत वापरला गेला. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून आत जातात आणि तिथेच राहतात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस होतो, म्हणजे फुप्फुसं कडक होत जातात. फुप्फुसाचा कॅन्सर होतो, मेसोथेलिओमा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस माणसाला कॅन्सर करणारा ठरवला आहे, आणि २०१२ च्या अहवालात स्वरयंत्राचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सरही त्यात धरला आहे. बीजांडकोशाचा, हे आपण विशेष लक्षात ठेवायचं.

धूळ अंगात गेल्यापासून कॅन्सर दिसेपर्यंत वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. तोवर नोकरी सुटलेली असते, कारखाना बंद पडलेला असतो, त्या जमिनीवर टॉवर उभा असतो. कायद्यातल्या सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून येतात.

हे नवीन ज्ञान आहे का? नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलला नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉस गिरणीतली कामगार बाई १९२४ साली वारली, वय ३३. हा आजार कायद्याच्या यादीत नाही म्हणून कंपनीनं पैसे नाकारले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतल्या खाणभागातून मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, त्यात खाणीत कधीच न उतरलेल्या घरगुती बायकाही होत्या. १९६५ साली लंडनमधल्या रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या नऊ जणांना हा कॅन्सर घरातल्या माणसाच्या कामामुळे झाला होता, आणि त्यांतल्या बहुतेकजणी नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या होत्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८६ च्या ॲस्बेस्टॉस करारात तर स्पष्ट म्हटलंय की कामाचे कपडे घरी नेण्यास कायद्यानं मनाई हवी, ते स्वच्छ करण्याची जबाबदारी मालकाची. भारतानं त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. मावशी १९८६ नंतरही कितीतरी वर्षं कपडे धूतच होत्या.

इंग्लंडनं १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, दक्षिण आफ्रिकेनं २००८ मध्ये. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस बाहेरून आयात होतो आणि त्याचे पत्रे बनतात. सर्वोच्च न्यायालयापुढे बंदीची मागणी गेली होती, ती २०११ मध्ये फेटाळली गेली. म्हणजे मावशींसारख्या बाया पुढेही येत राहणार.

विधवा म्हणून

घरातला कामगार या आजारानं गेला असेल तर पहिला प्रश्न विचारा: ईएसआयचं कार्ड होतं का? असेल, तर दावा ईएसआयकडे. तिथे आश्रितांना महिन्याच्या महिन्याला रक्कम मिळते. मग त्याच आजारासाठी मालकाकडून कामगार भरपाई मागता येत नाही. १९४८ च्या ईएसआय कायद्यात विधवेला ही रक्कम तहहयात किंवा 'पुनर्विवाहापर्यंत' ठेवली होती. बाईनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या फुप्फुसातली धूळ जणू नाहीशी होते!

ईएसआय नसेल, तर कामगार भरपाईचा कायदा. १९२३ चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्याआधीच्या मृत्यूंच्या दाव्यांत जुना कायदा कसा लागू होतो, ते वकिलाकडून नीट तपासून घ्या. मूळ चौकट मात्र बरीचशी तीच आहे. ॲस्बेस्टॉसिस, तसंच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. या आजारांना कायदा 'अपघात' मानतो.

पण हा अपघात केव्हा झाला? इथे मेख आहे. दावा दोन वर्षांत करायचा. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांत लक्षणं दिसली, तर ती दिसल्याच्या दिवशी अपघात झाला असं कायदा धरतो. मैत्रिणींनो, आजार येतो तीस वर्षांनी आणि कायदा घड्याळ लावतो दोन वर्षांचं!

तरी वाट पूर्ण बंद नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक. नोकरी सुटल्यावर उशिरा झालेला आजारही त्या कामातूनच झाला, असं सिद्ध केलं तर भरपाई मिळू शकते. फक्त सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं.

दोन. मृत्यूचा दावा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत करता येतो. म्हणून माणूस गेल्यावर 'आता काय उपयोग' म्हणून बसू नका. वर्षश्राद्ध होईपर्यंत अर्धी मुदत संपलेली असते.

तीन. मुदत उलटली तरी पुरेसं कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. डॉक्टरांनी टीबी म्हणून चुकीचं निदान केलं, खरा आजार नंतर कळला, हे सबळ कारण आहे.

मावशींच्या नवऱ्याच्या बाबतीत आम्ही हेच केलं. पगार मर्यादेबाहेर गेल्यानं ते ईएसआयमध्ये नव्हते. मावशींनी त्यांचे जुने एक्स-रे ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली ठेवले होते. व्यावसायिक आजार जाणणाऱ्या एका डॉक्टरांनी ते प्रकाशात धरले आणि टीबी नव्हे, ॲस्बेस्टॉसिस असल्याचं लिहून दिलं. त्या फिल्म रद्दीत गेल्या असत्या तर काहीच उरलं नसतं. उशीर माफ झाला. मूळ दावा अजून चालू आहे.

कंपनी सांगते, "तुमच्या नवऱ्यानं स्वेच्छानिवृत्ती घेताना सही केलीय, आता काही देणं नाही." घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्यापुढे रद्दबातल असतो. मालकानं देणं चुकतं न करता जमीन विकली, तर त्या रकमेचा पहिला बोजा त्या स्थावर मालमत्तेवर राहतो, अशीही तरतूद १९२३ च्या कायद्यात होती. हे मुद्दे वकिलाला स्वतःहून सुचवा. सगळ्याच वकिलांनी हा कायदा हाताळलेला नसतो.

पैसे किती? मृत्यूसाठी निम्मा मासिक पगार गुणिले वयाचा गुणांक, आणि पगारही एका मर्यादेपर्यंतच धरायचा. जुन्या कायद्याच्या तक्त्यात हा गुणांक सोळाव्या वर्षी २२८.५४ होता, पासष्टीनंतर ९९.३७. आजार म्हातारपणीच उगवणारा, म्हणजे मालकाला तो सर्वांत स्वस्तात पडतो.

आणखी एक पाहा. १९२३ च्या कायद्यात लिहिलं होतं, 'स्त्रीला किंवा कायद्यानं असमर्थ असलेल्या व्यक्तीला' मिळणारी एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी. बाई आणि अज्ञान बालक एका ओळीत! तरी ही तरतूद मला पूर्ण वाईट म्हणवत नाही. दीर किंवा मुलगा परस्पर अंगठा घेऊन पैसे उचलतो, ते यानं थांबतं. अट एकच: ती रक्कम कुठे गुंतवायची आणि केव्हा द्यायची, हे बाईला विचारून ठरलं पाहिजे. त्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी तिच्यासोबत हजर हवी.

तिसरा आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेनं ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका केली होती. कामगाराचं आरोग्य, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायच्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या फेरतपासणीत ॲस्बेस्टॉसिस ठरला, तर त्या कामगाराला कारखान्यानं तीन महिन्यांत एक लाख रुपये द्यायचे. त्या नोंदी मागणं हा आपला हक्क आहे. कंपनीनं ठेवल्याच नसतील, तर 'आमच्याकडे नोंद नाही' हे तिचं उत्तर तिच्याच विरुद्ध न्यायालयात मांडता येतं.

स्वतः आजारी बाई म्हणून

आता मावशींच्या स्वतःच्या आजाराकडे येऊ. भरपाईच्या कार्यालयात मी चौकशीला गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई कारखान्यात कामाला होत्या का?" मी म्हटलं, "नाही, कपडे धुवायच्या." ते म्हणाले, "मग आमच्या कायद्यात त्या बसत नाहीत." त्यांचं चुकलं नव्हतं. कायदा तसाच आहे.

पण दुसरे दोन रस्ते आहेत.

एक, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. आपल्यासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे. २०१० च्या या कायद्यात प्रदूषणामुळे इजा किंवा मृत्यू झालेल्या व्यक्तीला भरपाई मागता येते, आणि ती व्यक्ती 'कामगार सोडून' कोणीही असू शकते. ज्या कारणानं कामगार कायदा मावशींना बाहेर ठेवतो, नेमकं त्याच कारणानं हा कायदा त्यांना दार उघडतो. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाईचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून पाच वर्षांत अर्ज करायचा. कारखान्याला लागून राहणाऱ्या वस्तीतल्या बायांनाही हाच रस्ता. घरी आलेल्या कपड्यांवरची धूळ हे प्रदूषणच आहे, हे मात्र आपल्याला वाद घालून पटवावं लागेल.

दोन, दिवाणी दावा. धोकादायक उद्योग करणाऱ्यानं त्यातून होणाऱ्या हानीची पूर्ण जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या वायुगळतीच्या प्रकरणात घालून दिलं आहे. बाई दगावली तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली नवरा, मुलं, आईवडील मृत्यूपासून दोन वर्षांत दावा करू शकतात. तिथे विचारतील, "बाई कमावत नव्हत्या, मग नुकसान कसलं?" तेव्हा लता वाधवा प्रकरणाचा निकाल पुढे ठेवा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाची किंमत महिना तीन हजार रुपये धरली होती. रकमेवर वाद घालू, पण घरकामाला किंमत असते हे देशाच्या न्यायालयानं मान्य केलेलं आहे.

परदेशात असे दावे जिंकले गेले आहेत. इंग्लंडमध्ये लीड्समधल्या आर्मली भागात ॲस्बेस्टॉस कारखान्याची धूळ रस्त्यांवर बर्फासारखी साचायची आणि मुलं त्यात खेळायची. त्यांतली एक जून हँकॉक. तिची आई १९८२ मध्ये मेसोथेलिओमानं गेली, पुढे तिलाही तोच आजार झाला. तिनं कधीच त्या कारखान्यात काम केलं नव्हतं. १९९५ मध्ये ती खटला जिंकली, १९९६ मध्ये अपिलातही निकाल टिकला, आणि १९९७ मध्ये ती वारली. तो कारखाना टर्नर अँड न्यूऑल या समूहाचा होता. आपल्या घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोतही त्याच समूहाचं भांडवल होतं. न्याय मात्र आर्मलीत एक आणि आपल्याकडे दुसरा.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा.

कागद जपा

दावा उभा राहतो कागदावर. म्हणून घरी गेल्यावर हे करा.

कामाचा पुरावा गोळा करा: हजेरी कार्ड, पगाराची पावती, फंडाची स्लिप, गेटपास, युनियनची पावती, गणवेशातला फोटो. काहीच नसेल तर सोबतच्या दोन-तीन कामगारांची प्रतिज्ञापत्रं आत्ताच करून घ्या. त्यांचीही वयं झालीत, तेही दमेकरी आहेत.

रुग्णालयाचे कागद लगेच मागा. मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचा नियम आहे, पण दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षंच सांभाळण्याचं डॉक्टरांवर बंधन आहे. तुकडा तपासला असेल तर त्याचा अहवाल आणि मेणातला ठोकळा दोन्ही सांभाळा.

मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर नुसतं 'हृदय बंद पडलं' असं लिहू देऊ नका. मूळ आजार लिहायला लावा.

बाई स्वतः आजारी असेल तर केसपेपरवर 'गृहिणी' एवढंच राहू देऊ नका. 'पती अमुक कारखान्यात इतकी वर्षं, त्यांचे कपडे घरी धूत होत्या' हे वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्या. या एका वाक्यावर पुढचा सगळा दावा उभा राहतो. जे वाक्य मी स्वतः माझ्या फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं.

शेवटी

मावशींच्या वतीनं आम्ही कंपनीला नोटीस दिली. उत्तर येण्याआधी त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "पोरीला पण होईल का गं?" मला उत्तर देता आलं नाही. बापाच्या पायाला मिठी मारणारी ती मुलगी आज चाळिशीत आहे. डॉक्टरांना आपला पूर्वेतिहास सांगायचा, दम किंवा छातीत दुखणं अंगावर काढायचं नाही, एवढंच आम्ही तिला सांगू शकलो.

मुलगा म्हणतो, आई गेली, आता कोर्टकचेरी नको. मुलगी म्हणते, आईनं काम केलं होतं एवढं तरी कोणीतरी लिहून द्यावं. दोघांचं दुःख खरं आहे. निर्णय त्यांचा आहे, मी त्यात ढकलणार नाही. दोन वर्षांतले अकरा महिने गेलेत, एवढं मात्र मी त्यांना सांगितलं आहे.

आपण मात्र थांबायचं कारण नाही. आपल्या मागण्या साध्या आहेत. मुदत मोजायची ती खरं निदान झाल्याच्या दिवसापासून. कामगाराच्या घरातल्या माणसांना भरपाईच्या कायद्यात जागा हवी. कामाचे कपडे कारखान्यातच धुतले जावेत. आणि ॲस्बेस्टॉसवर बंदी हवी.

या मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. उद्यापासून एक गोष्ट आपल्या हातात आहे. आपल्या केंद्रात खोकणारी, दम लागणारी बाई आली, मग ती मारहाणीसाठी येवो की रेशनकार्डासाठी, तर फॉर्मवर 'गृहिणी' लिहिण्याआधी तिला विचारा: घरातलं कोण कुठे कामाला होतं? आणि कपडे कोण धुवायचं?